लवकर येणारा गहू: चार क्विंटल कमी म्हणून सोडून द्यायचा का?

गोदाकाठ

मंडळी, गेल्या फेब्रुवारीत गव्हाच्या शिवारफेरीला गेलो होतो. पाच-पंचवीस वाफे, प्रत्येकावर नंबराची पाटी. त्यातला एक वाफा लांबूनच नजरेत भरला. आजूबाजूचा गहू अजून हिरवा, चिकात. आणि हा पिवळाधमक, ओंब्या खाली वळलेल्या. विचारलं तर समजलं, ही नवी ओळ, म्हणजे अजून वाण म्हणून न दिलेला, चाचणीतला गहू, ९८ दिवसांत येते. ज्याच्याशी ती ताडून बघतात तो तुलनेचा वाण ११२ दिवसांचा. मग म्हणाले, "पण ही पुढे जाणार नाही. हेक्टरी ३६ क्विंटल दिले, तुलनेच्या वाणाने ४०. चार क्विंटल मागे पडली."

तेव्हापासून माझ्या डोक्यातून हा विषय जात नाही. गणित साधं आहे. ३६ क्विंटलला ९८ दिवस म्हणजे दिवसाला ३६ किलो ७०० ग्रॅम. ४० क्विंटलला ११२ दिवस म्हणजे ३५ किलो ७०० ग्रॅम. दिवसाच्या हिशोबाने ती ओळ पुढेच आहे, आणि तिला पाणीही एक कमी लागणार. आमच्याकडे उसाचा खोडवा मोडून गहू पेरायचा तर १५-१८ डिसेंबर उजाडतो. कालव्याचं शेवटचं आवर्तन मार्चच्या मध्याला संपतं. विहीर तोवर तळाला गेलेली असते. ज्या पिकाला एप्रिलचा पहिला आठवडा लागतो, त्याचे ४० क्विंटल कागदावरच राहतात. मी २०२३ साली हे भोगलंय. त्या वर्षीचा फेब्रुवारी हा देशात नोंदी सुरू झाल्यापासून तोवरचा सगळ्यात उष्ण फेब्रुवारी होता. माझा गहू तेव्हा नुकता निसवला होता, ओंब्या बाहेर पडल्या होत्या. मळणीला दाणा हातावर घेतला तर मधोमध खोल चीर, पोट आत गेलेलं. व्यापाऱ्याने मूठभर उचलून परत पोत्यात टाकला आणि भाव न सांगता पुढे गेला.

माझं म्हणणं एवढंच: वाण पारखताना क्विंटल हा एकच काटा लावू नका. लवकर येणं हा स्वतंत्र गुण धरा आणि त्याला मार्क द्या.

मुकुटमूळ

गोदाकाठ, तुमची तळमळ कळते, पण मला हे पटत नाही. मी ३१ वर्षं गव्हाच्या चाचण्यांवर शेतमदतनीस होतो. बी मोजून पुड्या भरण्यापासून कापणीचं वजन करण्यापर्यंत सगळं या हातांनी केलंय.

पहिली गोष्ट. दिवसाने भागून पोतं भरत नाही. त्या वाचलेल्या १४ दिवसांत तुम्ही रानात दुसरं काही पेरणार असाल तर हिशोब खरा. रान जूनपर्यंत मोकळंच राहणार असेल तर चार क्विंटल गेले ते गेलेच.

दुसरी गोष्ट. तुम्ही पाहिलेला वाफा वेळेवर पेरलेला होता. फेब्रुवारीतच ती ओळ पिवळी झाली म्हणजे पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली. ११२ दिवस हा आकडा त्या पेरणीचा. तोच वाण डिसेंबरच्या मध्याला पेरला तर ११२ दिवस घेतच नाही, शंभरीच्या आसपास येतो. गहू कॅलेंडर बघत नाही, ऊन मोजतो. रोजचं तापमान साठत जातं आणि ठरावीक साठा झाला की पीक पुढच्या अवस्थेला जातं. उशिराच्या पेरणीत सगळेच वाण घाई करतात, म्हणून तुमचे १४ दिवस तिथे पाच-सहावर येतात.

तिसरी. गव्हाच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात उशिराच्या पेरणीच्या चाचण्या वेगळ्या असतात, कमी पाण्याच्याही वेगळ्या असतात. ओळींना सांकेतिक नंबर असतात, कुणाची कुठली ते वाफ्यावर कळत नाही. आधी प्राथमिक चाचणी, मग प्रगतची दोन वर्षं. निफाडचा एनआयएडब्ल्यू ३४, अकोल्याचा एकेएडब्ल्यू ४६२७ हे उशिराच्या पेरणीसाठीच दिलेले वाण आहेत. तेव्हा लवकर येण्याला कोणी विचारतच नाही, असं म्हणू नका.

काळी_माती

मी तिसरंच सांगतो. उशिरा पेरून घाईने काढायचं, यातच चूक आहे. उत्तरेत आता उलट दिशेने काम चाललंय. गहू ऑक्टोबरच्या अखेरीस पेरायचा, त्याला सुरुवातीला सावकाश वाढू द्यायचं, आणि दाणे भरण्याचं काम उन्हाच्या आधी उरकायचं. भारतीय कृषी संशोधन संस्थेचा एचडी ३३८५ याच विचाराने काढलाय. मार्च २०२२ च्या उन्हाने उत्तरेतल्या गव्हाची काय दशा केली ते आठवा. १३ मेला सरकारने निर्यात थांबवली. आपण आखूड, म्हणजे कमी दिवसांच्या वाणाच्या मागे लागण्यापेक्षा पेरणी अलीकडे आणावी.

मुकुटमूळ

काळी_माती, हा विचार पंजाब-हरियाणाला बरोबर आहे. तिथे डिसेंबर-जानेवारीत लांबलचक थंडी मिळते, पिकाला फुटवे करायला वेळ असतो. आपल्याकडे ऑक्टोबरचा उकाडा कसा असतो? त्या उन्हात पेरलेला गहू फुटवेच धरत नाही. एका रोपाला एक-दोन काड्या, लगेच कांडी धरतो आणि डिसेंबरातच निसवतो. ओंबी बोटाच्या दोन पेरांएवढी. आपली थंडी मुळात दोन-अडीच महिन्यांची. तिच्या मधोमध पीक बसवायचं, अलीकडेही नाही आणि पलीकडेही नाही.

काळी_माती

सोयाबीन दसऱ्याला निघतं. रान दिवाळीपर्यंत रिकामंच पडलेलं असतं. १ नोव्हेंबरला पेरलं तरी माझं म्हणणं साधतं.

गोदाकाठ

सोयाबीनवाल्यांचं साधतं, दादा. ऊसवाल्यांचं काय? कारखान्याची तोड आपल्या हातात नसते. आणि मुकुटमूळ काका, दिवसांची तुमची दुरुस्ती मला मान्य. नोव्हेंबरचा आकडा डिसेंबरला लावला ही माझी चूक. पण त्यातून माझाच मुद्दा निघतो. ती ओळ नोव्हेंबरच्या पेरणीत, पुरेशा पाण्यात मागे पडली म्हणून बाजूला गेली. डिसेंबरच्या चाचणीपर्यंत ती पोचलीच नाही! पहिलीच चाळण अशी असेल की सावकाश येणाराच वर राहतो, तर पुढची वेगळी चाळण काय कामाची?

आणि पाण्याचं. चाचणीत पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळं (जमिनीलगतची मुख्य मुळं) फुटायच्या वेळेला पाणी, मग फुटव्याला, कांडीला, फुलोऱ्याला, चिकात, दाणे भरताना. सहा पाणी, ठरल्या दिवशी. माझ्याकडे लाईट रात्रीची. रात्री दोनला दारं धरायला जातो, चारला लाईट जाते, अर्धा वाफा कोरडा. तीन पाणी झाली तरी नशीब. सहा पाण्यांवर निवडलेला वाण माझ्या तीन पाण्यांत कसा चालेल?

पिवळी_ओंबी

मी कृषी महाविद्यालयात वनस्पती पैदास शिकते आहे. इथे दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर वाटतं, पण लवकर येणं हा किरकोळ गुण समजला जातोय त्याला माझा विरोध आहे.

गव्हाचे पैदासकार नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत एकाच वर्षात दोन पिढ्या घेतल्या, हिवाळ्यात समुद्रसपाटीजवळच्या सोनोरात आणि उन्हाळ्यात २,६०० मीटर उंचीच्या तोलुकाजवळ. दोन्हीकडे दिवसाची लांबी वेगळी. दोन्हीकडे टिकला तोच गहू पुढे गेला, आणि त्यातून दिवसाच्या लांबीला न जुमानणारे वाण मिळाले. लांब दिवसाची वाट न बघता वेळेवर निसवायचं, हा गुण मुख्यतः २डी गुणसूत्रावरच्या एका जनुकामुळे येतो. तो नसता तर १९६६ साली भारताने मागवलेलं १८,००० टन मेक्सिकन बेणं आपल्या आखूड दिवसांच्या हिवाळ्यात कसं चाललं असतं? आपला भारतीय गहू वसंत गहूच आहे, फक्त आपण तो थंडीत पेरतो. त्याला थंडीची सक्ती नसते म्हणूनच महाराष्ट्रात तो येतो.

लोक-१ च बघा. सौराष्ट्रातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत निवडलेला, लवकर येणाऱ्या सोनालिकाच्या रक्ताचा. १९८० च्या दशकापासून तो आहे आणि आजही लोक मागून घेतात. का? लवकर येतो, दाणा टपोरा, आणि उशीर झाला तरी धोका देत नाही. शेतकऱ्यांनी आपलं मत केव्हाच दिलंय.

सातारकरीण

लोक-१ चं नाव काढलंत म्हणून लिहिते. आमच्याकडे एका वर्षी तो तांबेऱ्याच्या रोगाने असा खाल्ला की वाफ्यातून चालून आलं की लुगड्याचा काठ विटकरी व्हायचा. सासूबाई ओट्यावर पाय झटकायच्या तर भुकटी पडायची. तेव्हा लवकर येतो म्हणून कोणताही वाण डोक्यावर घेऊ नका. काळा तांबेरा नीलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत वर्षभर जगतो, तिथून वाऱ्याबरोबर इकडे येतो. आपला पट्टा त्याच्या वाटेवर पहिला.

आणि लवकरच हवा तर आहे की! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ४०२८. बन्सी, म्हणजे कठीण दाण्याच्या जातीचा, १०२ दिवसांचा, जिराईतासाठी दिलेला, प्रथिनं १४.७ टक्के. हेक्टरी सरासरी १९ क्विंटलच, पण तो जिराईताचा हिशोब आहे. शेवया आणि कुरडयांना त्याच्यासारखा दाणा नाही. पोळीला मात्र तो चालत नाही, आणि घरोघरी पोळीच लागते. नवा वाण पारखताना मळलेली कणीक तासभर ठेवून पोळी लाटून बघणारं कोणी असतं का तिथे?

मुकुटमूळ

असतं, ताई. पोळीची परीक्षा होते, पण ती शेवटी होते, आणि तुमचं दुखणं तेच आहे.

तांबेऱ्याबद्दल एक गोष्ट सांगतो, जी फार कमी लोकांना माहीत असते. महाबळेश्वरला तांबेऱ्याचं जुनं केंद्र आहे. चाचणीत रोग मुद्दाम सोडतात, आणि मग पानावर, काडीवर किती टक्के आला ते ठरावीक काळात लिहितात. लवकर येणारी ओळ त्या वेळी वाळायला लागलेली असते. तिच्यावर रोग चढायला हिरवा भागच उरलेला नसतो. वहीत ती स्वच्छ दिसते. ती प्रतिकारक नसते, निसटलेली असते. शेतात एखाद्या वर्षी रोग पंधरा दिवस आधी आला की मग उघडी पडते. म्हणून लवकर येणाऱ्या ओळींची नोंद मी नेहमी आठ दिवस आधी घ्यायला लावायचो. साहेब लोक कधी ऐकायचे, कधी नाही.

संकर करतानाही या गुणाचा त्रास असतो. लवकर येणारा नर आणि उशिराची मादी घेतली तर फुलोरा जुळतच नाही. नर आठ-आठ दिवसांच्या अंतराने तीनदा पेरावा लागतो. मग मादीची ओंबी पोटरीतून बाहेर आली की वरखालची कणसुलं (ओंबीवरचे फुलांचे छोटे झुपके) काढायची, उरलेल्यांचा शेंडा कात्रीने छाटायचा आणि चिमट्याने प्रत्येक फुलातले तीन परागकोश हिरवे असतानाच उचलायचे. एक जरी फुटला तर सगळी ओंबी बाद. कागदी पिशवी, दोरा, पाटी. दोन-तीन दिवसांनी सकाळी नराची ओंबी आत फिरवायची. दिवसभरात वीस ओंब्या झाल्या की मान आखडायची. एवढ्या कष्टाने आलेली ओळ नुसत्या चार क्विंटलवर जाते तेव्हा मलाही वाईट वाटलंय, गोदाकाठ. पण ती ठेवली असती आणि हजारो शेतकऱ्यांच्या रानात मागे पडली असती तर?

पिवळी_ओंबी

काका, ओळी मागे पडण्याचं एक कारण चाचणीच्या मांडणीतच आहे. लवकर येणाऱ्या ओळीला फुटवे कमी. तिला दाट पेरायला हवं. विद्यापीठाची शिफारसच आहे की वेळेवरच्या पेरणीला हेक्टरी १०० किलो बियाणं, उशिराच्या पेरणीला १२५ ते १५०, आणि पेरणीच्या दोन ओळींतलं अंतर १८ सेंटिमीटर. पण एका चाचणीत सगळ्या ओळींना एकच बियाण्याचं प्रमाण असतं, तुलनेच्या वाणाला सोयीचं. पाण्याच्या पाळ्याही त्याच्याच अवस्था बघून. आखूड ओळ दाणे भरत असते तेव्हा इतरांचा फुलोरा चालू असतो. तिला पाणी उशिरा मिळतं आणि आपण म्हणतो तिच्यात दम नाही.

मुकुटमूळ

पाखरं विसरलीस. सगळ्या रानात एकच वाफा आधी पिकतो, पंचक्रोशीतल्या चिमण्या आणि पोपट त्याच्यावर. मी पत्र्याचा डबा वाजवत बसलेलो असायचो, तरी कडेच्या ओंब्या रिकाम्या. तुझं हे बियाण्याचं म्हणणं मात्र बरोबर आहे. मी हरकत घेत नाही.

काळी_माती

मला अजून वाटतं की पेरणी अलीकडे आणणं हाच मोठा फायदा. १५ नोव्हेंबरनंतर दर पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटल घट येते, असं विद्यापीठच सांगतं. गोदाकाठ १८ डिसेंबरला पेरतात म्हणजे पाच क्विंटलवर पेरायच्या आधीच पाणी सोडलेलं. वाण कुठलाही असो. त्या रानात हरभरा का नको?

गोदाकाठ

हरभऱ्याला आमच्या भारी, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत मर लागते, उभी रोपं वाळतात. दोन वर्षं करून पाहिलं. आणि घरात खाणारी अकरा माणसं, गहू विकत आणायचा नाही, असं वडिलांपासून चालत आलंय.

काकांचं ऐकून मी एक ठरवलंय. या डिसेंबरला खोडवा मोडल्यावर वीस गुंठ्यांचे दोन पट्टे. एकात एकेएडब्ल्यू ४६२७, दुसऱ्यात फुले समाधान. तो वेळेवर आणि उशिरा दोन्हींसाठी शिफारस केलेला आहे. पेरणी एकाच दिवशी, पण आखूडला, म्हणजे ४६२७ ला, एकरी ६० किलो बियाणं, दुसऱ्याला ५०. पाणी तीनच, २१, ४२ आणि ६५ दिवसांनी. लाईट नसली तर इंजिन लावीन. दर पट्ट्यात पाच ठिकाणी मीटरभर ओळीतल्या ओंब्या मोजीन, हजार दाण्यांचं वजन घेईन, आणि पोळीची परीक्षा घरात होईल. आकडे जे येतील ते इथेच लिहीन, माझ्या विरुद्ध गेले तरी. काका, पाखरांसाठी जाळी कुठल्या मापाची घेऊ?

मुकुटमूळ

वीस गुंठ्यांना जाळी परवडायची नाही. दोन्ही पट्ट्यांच्या चारी बाजूंनी आखूड वाणाच्याच चार-चार ओळी पेरा. पाखरं कडेला बसतात, आत कमी शिरतात. कापणीच्या दिवशी त्या ओळी आधी काढून बाजूला टाका, वजनात धरू नका. आणि निसवण्याची तारीख वहीत लिहा, अंदाजाने नको. अर्ध्या ओंब्या बाहेर दिसल्या तो दिवस.