सच्छिद्र थरातलं अभिसरण: ३९.४८ वर किती विसंबायचं?

खडकवाट:
खालून तापणाऱ्या, पाण्याने भरलेल्या सच्छिद्र थरात प्रवाह फिरू लागेल की नाही, हे ठरवायला सगळे एकच आकडा धरतात: रॅले अंक (गरम पाण्याला वर ढकलणारा जोर, घर्षण आणि उष्णतेचं पांगणं यांच्या तुलनेत किती, ते सांगणारा आकडा) ४π², म्हणजे ३९.४८. हॉर्टन-रॉजर्स (१९४५) आणि लॅपवुड (१९४८) यांचं गणित सुंदरच आहे. पण भूऔष्णिक कामात तो आकडा अंतिम निकाल म्हणून वापरणं मला अजिबात पटत नाही. ढोबळ हिशोब करा: १ किमी जाडीचा थर, वर-खाली १०० अंशांचा फरक, गरम पाणी. पार्यता (खडकातून पाणी किती सहज जातं, त्याचं माप) १०⁻¹⁴ चौ. मी. धरली तर रॅले अंक १७ च्या आसपास येतो, म्हणजे सगळं शांत. १०⁻¹³ धरली की १७०, म्हणजे जोरदार अभिसरण. आणि पार्यतेत दहापट फरक तर एकाच खडकात सापडतो!

गणिती_डोळा:
चूक पार्यतेच्या मोजमापाची आणि शिक्षा उंबरठ्याला? नळीतला प्रवाह रेषीय विश्लेषणात (म्हणजे अगदी लहान विक्षोभ धरून) नेहमी स्थिर ठरतो, तरी प्रत्यक्षात रेनॉल्ड्स अंक (प्रवाहाचा जोर घर्षणाच्या किती पट, ते) २००० च्या पुढे गेला की खवळू शकतो. इथे तसं होत नाही. ऊर्जापद्धतीनेही (विक्षोभाची ऊर्जा घटतच जाते का, हे पाहणाऱ्या) तीच ३९.४८ ची मर्यादा येते. त्याखाली विक्षोभ कितीही मोठा असो, विरतोच. इतकी पक्की हमी द्रवगतिकीत क्वचितच मिळते.

खडकवाट:
हमी आहे, पण कुठल्या थराची? वर-खाली अभेद्य, ठरावीक तापमानाच्या सीमा, आणि सगळीकडे, सगळ्या दिशांनी सारखी पार्यता. वरची बाजू पाण्याला खुली केली की मर्यादा २७.१ वर येते. दोन्ही सीमा अभेद्यच ठेवून तापमानाऐवजी उष्णतेचा ओघ ठरावीक धरला तर थेट १२.

तिरकी_रेघ:
सीमांबाबत खडकवाट यांच्या बाजूने. उभ्या थराला एका बाजूने तापवलं तर प्रवाह कधीच अस्थिर होत नाही, हे गिल यांनी १९६९ मध्ये सिद्ध केलं. बार्लेटा यांनी २०१५ मध्ये त्याच थराच्या बाजू पार्य धरल्या, आणि अस्थिरता आली.

गणिती_डोळा:
पण २७.१ आणि १२ हे आकडे दिले कोणी? याच विश्लेषणाने! पार्यता दिशेनुसार बदलते, त्याचंही सूत्र आहे: π²(१ + √η)², इथे η म्हणजे उभी भागिले आडवी पार्यता आणि रॅले अंक उभ्या पार्यतेवरून काढलेला. गाळाच्या थरात η १/१०० असेल तर मर्यादा सुमारे १२. त्यातही आवर्त (फिरत्या पाण्याची वेटोळी) थराच्या जाडीच्या तिप्पट रुंद होतात, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

खडकवाट:
सूत्र मान्य, पण त्यातला η आणायचा कुठून? मी तरी आधी बोअर घेऊन तापमान मोजेन. खोलीबरोबर सरळ रेषेत वाढलं तर नुसतं वहन, म्हणजे पाणी न हलता उष्णता जातेय; रेषा वाकली तर पाणी हलतंय.

गणिती_डोळा:
एका बोअरवर भागणार नाही. चढत्या आणि उतरत्या प्रवाहाच्या मधोमध ते पडलं, तर मंद अभिसरणात रेषा जवळपास सरळच दिसेल. दुसरं बोअर निदान अर्ध्या आवर्ताइतकं, म्हणजे तुमच्या १ किमीच्या थरात η १/१०० असेल तर दीडेक किमी लांब हवं. आणि हे अंतर त्याच विश्लेषणातून निघतं.