खान्देशातल्या लहान गावांत चांगलं जेवण: हॉटेल शोधायचं की पदार्थ?

गिरणाथडी
पारोळा, चोपडा, शिरपूर, शहादा, साक्री अशा गावांत उतरलं की लोक मोबाइल काढतात, 'जवळचं उत्तम हॉटेल' शोधतात, पनीर अंगारा खातात आणि खान्देशात खास काही मिळत नाही म्हणत पुढे निघतात. माझं म्हणणं असं की आपल्याकडे हॉटेल शोधूच नये. आधी पदार्थ ठरवावा, मग तो कोण, कोणत्या वेळी, कोणत्या महिन्यात करतं ते विचारावं. शेवभाजी, भरीत, बट्टी (गव्हाचे उकडून, चिरून तळलेले गोळे) आणि मटण ही चारही एकाच ठिकाणी चांगली मिळणं अवघड, कारण चौघांची चूल, भांडी आणि वेळ वेगवेगळी.

विचारायचीही रीत आहे. 'चांगलं हॉटेल कोणतं?' विचारलं की माणूस तुमच्या कपड्यांकडे बघून एसीवालं सांगतो. त्यापेक्षा 'घरी अचानक पाहुणे आले तर शेवभाजीचं पार्सल कोठून आणता?' असं विचारा. हे उत्तर स्वतःच्या खिशातून पैसे देणाऱ्याचं असतं. लॉजच्या काउंटरवर विचारू नका, तिथे शालकाचं हॉटेल निघतं. किराणा दुकानदाराला सुकं खोबरं आणि दगडफूल किलोने कोण नेतं ते ठाऊक असतं. त्याहून खात्रीची जागा म्हणजे पिठाची गिरणी. कळण्याचं दळण कोणत्या खानावळीतून येतं, एवढंच विचारायचं. ज्वारीत अख्खे काळे उडीद साधारण चारास एक घालून दळलेलं पीठ म्हणजे कळणा. जो हे दळून घेतो तो भाकरीत काटकसर करणारा नाही.

शेवभाजीची पारख टेबलावर बसल्या बसल्या होते. भाजीची शेव जाड आणि कडक असते. फरसाणातली बारीक शेव रश्श्यात दोन मिनिटांत लगदा होते. शेव वाढतानाच पडायला हवी. कढईत आधीच टाकून ठेवलेली दिसली तर उठा: बेसन रस्सा पिऊन टाकतं, मग वरून गरम पाणी आणि तेल ओततात आणि मसाला पातळ पडतो. रस्सा काळपट तपकिरी हवा. तो रंग जाळावर भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा. लालभडक तर्री रंगाची किंवा काश्मिरी मिरचीची असते, आणि चव गोडसर लागली तर काजू-टोमॅटोच्या तयार ग्रेव्हीला काळा मसाला म्हणून खपवलंय असं समजा.

हायवे६
गिरणाथडी भाऊ, हे दोन दिवस मुक्काम असणाऱ्याचं शास्त्र झालं. सुरतहून नागपूरला निघालेल्याने काय पिठाच्या गिरण्या धुंडाळायच्या? (महामार्गाचा नंबर ६चा ५३ झालाय हे माहीत आहे, पण धुळे-जळगावात अजून कोणी त्रेपन्न म्हणत नाही.)

माझं मत उलट आहे, गावातल्या खानावळीपेक्षा हायवेचा ढाबा भरवशाचा. कारण खप. रात्री शंभर ताटं जाणाऱ्या ढाब्यावर वाटण दिवसातून दोनदा होतं. गावातली खानावळ सकाळी एकदाच करते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५च्या घरात असताना कांदा-खोबऱ्याचं ओलं वाटण बाहेर राहिलं तर दुपारीच आंबायला लागतं. दोननंतर पोचलात तर तेच वाढून येतं, आणि मसाला इतका तिखट की जिभेला कळत नाही, पोटाला रात्री कळतं.

ट्रक उभे असतील तिथे जेवा, हा सल्ला मात्र जुना झाला. ट्रकवाला मोकळी जागा, अंघोळीचं पाणी, खाट आणि उधारी बघून थांबतो, जेवण त्यानंतर. त्यापेक्षा दुचाक्यांचे नंबर बघा. गावापासून पाच-सहा किलोमीटरवरच्या ढाब्यासमोर धुळ्याच्या एमएच १८, जळगावच्या १९ किंवा नंदुरबारच्या ३९च्या पंधरा मोटरसायकली असतील, तर गावातली माणसं गावातली हॉटेलं सोडून तिथे आली आहेत. याहून मोठा पुरावा काय हवा?

बडगीमुसळ
दोघंही शेवभाजीत अडकलेत. खान्देश म्हणजे शेवभाजी हे हायवेने लावून दिलेलं समीकरण आहे. आमच्या यावल-रावेर पट्ट्यात हिवाळ्यात माणूस भरीत शोधतो, आणि ते हॉटेलात नाही, भरीत केंद्रावर मिळतं. ही केंद्रं हंगामापुरतीच उघडतात, म्हणून नकाशावर सापडत नाहीत किंवा 'कायमचं बंद' दिसतात.

बरीच घरं चातुर्मासात वांगं खात नाहीत, चंपाषष्ठीपासून पुन्हा खातात. तिथून पुढे थंडी असेपर्यंत खरा हंगाम. वांगं बामणोदच्या जातीचं, हिरवं, पांढरट रेघांचं, मोठं, बिया कमी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याचसाठी. भाजायचं तुरकाठ्यांवर किंवा कपाशीच्या पऱ्हाट्यांवर. गॅसवर साल जळते पण धूर गरात उतरत नाही. मग लाकडी बडगीत मुसळाने ठेचायचं. त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, तेल. टोमॅटो नाही, लाल तिखट नाही, गरम मसाला तर नाहीच. भरताला पाणी सुटलेलं दिसलं तर वांगी भाजून निथळू न देता ठेचली आहेत. बिया दाताखाली आल्या तर वांगं जून होतं.

किलोवर विकतात. चार जणांना सोबत पुरी किंवा कळण्याची भाकरी असेल तर एक किलो पुरतं, खाणारे लेवा पाटील असतील तर दीड धरा. जून महिन्यात मेनूकार्डावर 'खान्देशी वांग्याचं भरीत' दिसलं तर ते कोणतंही वांगं, गॅसवर भाजून मिक्सरमध्ये फिरवलेलं.

आणि कोणी 'आठे चांगलं जेवन कोठे भेटी, भो?' असं अहिराणीत विचारायला शिकवत असेल, तर फैजपूर-सावद्यात ते चालवू नका. इकडे अहिराणी नाही, लेवा गणबोली बोलतात. लोक हसून उत्तर देतील, पण देतील हॉटेलाचंच.

खापरावाली
तिन्ही भाऊंनी बाईमाणसाचा विचारच केला नाही. पंधरा मोटरसायकली उभ्या असलेला ढाबा रात्री साडेआठनंतर काय असतो ते इथे सगळ्यांना माहीत आहे. पाटीवर 'परमिट रूम' असो वा नसो. मुलं आणि सासू बरोबर असतील तर साडेसातच्या आत जेवून उठायचं किंवा पार्सल घ्यायचं. स्वच्छतागृह जेवणाची ऑर्डर देण्याआधी बघून यायचं, नंतर नाही. नळाला पाणी आणि दाराला कडी नसेल तर तिथल्या स्वयंपाकघरात हात कुठे धुतात याचा अंदाज करायला वेगळं शास्त्र लागत नाही.

भिंतीवर अन्नसुरक्षेचा १४ आकडी नंबर लावायलाच हवा. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर लहान धंद्याची नोंदणी. त्याने भाजीला चव येत नाही, पण तक्रार करायची वेळ आली तर तोच नंबर लागतो.

पार्सलमध्ये रस्सा आणि शेव वेगळी मागा. एका ताटाला पन्नास-साठ ग्रॅम शेव पुरते. उकळता रस्सा पातळ पिशवीत घेऊ नका, स्टीलचा डबा गाडीत ठेवावा. शाकाहारी असाल तर मांसाहारी वेगळं शिजतं का, एवढंच विचारून भागत नाही. शेवभाजीचं आणि मटणाचं काळं वाटण एकाच पातेल्यातलं असतं, आणि खरी अडचण त्यात फिरणाऱ्या पळीची असते. 'वाटणाची पळी वेगळी का?' असं विचारलं की मालक थांबून विचार करतो. तेवढ्यात उत्तर मिळतं.

मांडे तर कोणत्याच हॉटेलात आयत्या वेळी मिळत नाहीत. गहू आदल्या दिवशी ओलवून दळायचे, पीठ वस्त्रगाळ करायचं, मग पुरण भरून हातावर कोपरापर्यंत पसरवून उलट्या खापरावर टाकायचं. करणाऱ्या बाया आदल्या दिवशी ऑर्डर घेतात, तीही पाच-दहाच्या खाली नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास आमरसाबरोबर सहज मिळतात, पोळ्याच्या पावसात चूलच धड पेटत नाही. गावातल्या किराणावाल्याकडे अशा बायांचे नंबर असतात, तेवढ्यापुरती मी गिरणाथडी भाऊंच्या बाजूने.

नकाशावाला
नकाशाला एवढं झोडपायचं कारण नाही, वाचता आला पाहिजे. लहान गावात ४.६ तारे म्हणजे बहुतेक वेळा मालकाच्या मित्रांचे उद्घाटनाच्या दिवशीचे तीस अभिप्राय. म्हणून अभिप्राय 'सर्वांत नवे' लावून बघायचे. फोटोंत मालकाने टाकलेले सोडून गिऱ्हाइकांचे बघायचे. ताटात भाकरी आणि चिरलेला कांदा दिसतो की रुमाली रोटी, एवढं पुरे. मराठीत लिहिलेली तक्रार इंग्रजीतल्या कौतुकापेक्षा मोलाची.

शोधतानाही 'रेस्टॉरंट' टाकू नका. 'खानावळ', 'भोजनालय', 'भरीत', 'बट्टी' असे देवनागरीत शब्द टाका, वेगळीच यादी येते. मग फोन करून विचारा, आज चालू आहे का. महामार्गाच्या धुळ्याजवळचं फागणे ते जळगावजवळचं तरसोद या टप्प्याच्या चौपदरीकरणात जुने ढाबे हलले, पण नकाशावरच्या खुणा काही तिथून हलल्या नाहीत. हायवे६ दादांचा भरवशाचा ढाबा आज दुभाजकाखाली असू शकतो.

हायवे६
दुभाजकाखाली गेलेले दोन-चार असतीलच, मान्य. पण खापरावाली ताईंनी सांगितलेली स्वच्छतागृहाची अडचण गावातल्या खानावळीत जास्त मोठी आहे. तिथे ते नसतंच. 'पलीकडे एसटी स्टँड आहे' असं सांगतात.

सातपुडा_पायथा
नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ला धुळ्यातून वेगळा झाला, पण जेवणाच्या गप्पांत अजून कोणी वेगळा धरत नाही. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथल्या भाजीत गूळ लागला तर ती भेसळ नाही, तो शेजार आहे. गोडसर लागलं की उठा, हा गिरणाथडी अप्पांचा नियम नवापूरकडे चालत नाही.

अक्कलकुवा-धडगावकडे भाकरी मक्याची किंवा नागलीची, सोबत उडदाची डाळ, अंबाडीची भाजी, आंबटपणाला धडगावचा आमचूर. हे बाजाराच्या दिवशी मिळण्याची शक्यता जास्त, एरवी चहा-भजी. म्हणून आधी बाजाराचा वार विचारा. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात आणि दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या यात्रेत खाण्याची रेलचेल असते, पण यात्रेतली खानावळ पंधरा दिवसांची. तिच्यावरून गावाची परीक्षा करू नये.

'गावरान कोंबडी' या पाटीबद्दलही. खरी गावरान कुकरला लावली तरी पाऊण तास घेते, चुलीवर दीड. वीस मिनिटांत ताट आलं तर ती आधीच उकडून ठेवलेली, नाहीतर गावरानच नव्हे. अंडी देऊन थकलेली पोल्ट्रीची लेअरही गावरान म्हणून खपवतात, तिचं मांस चिवट पण रश्श्याला अंगची चव नाही. चांगला मालक फोनवरच म्हणतो, 'तासभर आधी सांगा.' असं म्हणणाऱ्याकडेच जा.

गिरणाथडी
नवापूरच्या गुळाचं मान्य, नियम मागे घेतो. पण बघा, पायथ्यावाल्या भाऊंनी काय सांगितलं? वार विचारा, तासभर आधी कळवा. बडगीमुसळने महिना सांगितला, ताईंनी आदला दिवस. हॉटेलाचं नाव एकानेही घेतलं नाही. हेच तर म्हणतोय.

हायवे६
नाव घेतलं नाही कारण तुम्ही लोक नाव दडवता! हे चुकीचं आहे. चांगलं करणाऱ्याची पाटी सगळ्यांना कळायला हवी, त्याचं पोट त्यावर आहे.

बडगीमुसळ
दडवत नाही, पण रील आलं की काय होतं ते यांत्रिक आहे. चाळीस ताटांचं वाटण करणाऱ्याकडे शनिवारी दोनशे माणसं येतात. कांदा-खोबरं जाळावर भाजायला वेळ उरत नाही, मग ते तेलात तळून मिक्सरमध्ये फिरवतात. रंग तोच येतो, धुराचा वास जातो. भाकरी थापणाऱ्या दोन बाया दोनशेला पुऱ्या पडत नाहीत, म्हणून तंदुरी रोटी सुरू होते. तंदूर लावला की तो रिकामा कसा ठेवायचा, म्हणून पनीर टिक्का. सहा महिन्यांत मेनूकार्डाला प्लास्टिकचं आवरण.

खापरावाली
मग मालकाने दोनशेला नाही म्हणावं. बट्टीवाले म्हणतातच की. उकडलेल्या बट्ट्या संपल्या की संपल्या, चिरून तळायला उरतच नाहीत. पाटी उलटी करतात आणि घरी जातात. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी बाराच्या आत येतं.

नकाशावाला
वेळेवरून आठवलं, श्रावणात येणाऱ्यांसाठी. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशची देवी कानबाई घरोघरी बसते, नैवेद्याचे रोट असतात आणि रोट संपेपर्यंत बऱ्याच घरांत दुसरं काही खात नाहीत. त्या रविवारी-सोमवारी गावातल्या कितीतरी खानावळींचं शटर खाली, नकाशावर मात्र 'आता उघडे आहे'. त्या दोन दिवसांपुरता हायवे६ दादांचा ढाबा धरा.

हायवे६
वर्षातले दोन दिवस तरी पदरात पडले!