४३ इंची टीव्ही, नऊ फुटांवर सोफा: फोर-के घ्यायचा कशाला?

चहा_बिनसाखरेचा:
आमच्या ३२ इंची 'एचडी रेडी' टीव्हीची आता निवृत्ती जवळ आलीये. परवा दुकानात गेलो तर पोरगा म्हणाला, "काका, फोर-केच घ्या, फुल एचडी आता कोण घेतं?" भिंतीवर पोपटाच्या पिसांचा व्हिडिओ चालू, रंग असे की डोळे दिपावेत. घरी येऊन टेप काढली. सोफ्यापासून भिंत बरोबर नऊ फूट.

मग हिशेब मांडला. ४३ इंची पडद्याची रुंदी साधारण ९५ सेंमी. फुल एचडीत आडवे १९२० ठिपके (पिक्सेल), म्हणजे एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. डोळ्यांचे डॉक्टर ज्याला ६/६ म्हणतात ती नजर एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखते. नऊ फुटांवर तो भरतो ०.८ मिमी. फुल एचडीचेच ठिपके मला सुटे दिसणार नाहीत, तर फोर-केचे (३८४० × २१६०, म्हणजे चौपट) काय डोंबल दिसणार? माझ्या मते हे न दिसणाऱ्या ठिपक्यांचे पैसे. पटत नसेल तर खोडून काढा.

पिक्सेलपंत:
हिशेब बरोबर, निष्कर्ष चुकला. ६/६ म्हणजे नजरेची कमाल नव्हे, तरुण डोळे ६/५ सहज वाचतात. शिवाय दोन ठिपके सुटे दिसणं वेगळं आणि रेघ मोडलेली कळणं वेगळं. अकरावीच्या प्रॅक्टिकलमधला व्हर्नियर आठवा. दोन रेघा केसभर सरकल्या तरी डोळ्याला लगेच कळतं. तिरक्या रेषेच्या पायऱ्या म्हणूनच ठिपके न दिसताही खुपतात. आणि खरी गोम पुढेच आहे: ४३ इंचात बरं पॅनेल, बरा प्रोसेसर, एचडीआर (उजेड आणि अंधार दोन्ही नीट दाखवणारं तंत्र) हे सगळं बहुतेक फोर-केवाल्यांतच मिळतं. ठिपके वाचवायला जाल आणि बाकीचं घालवून बसाल.

दूरदर्शनी:
पंत, पण बघणार काय त्यावर? साधा चॅनल ७२० × ५७६. गुणा. ४ लाख १४ हजार ७२० ठिपके. फोर-के पडद्यावर ८२ लाख ९४ हजार ४००. म्हणजे वीस ठिपक्यांत खरा एकच, उरलेले एकोणीस टीव्हीने अंदाजपंचे भरलेले! आमच्याकडे फोर-के आला त्याच संध्याकाळी आईने विचारलं, "हिच्या तोंडाला काय मेण फासलंय?" नायिकेच्या नाकाची कड खरंच विरघळली होती.

पिक्सेलपंत:
फुल एचडीवरही पाचांत खरा एकच असतो, तेव्हा रड चॅनलची आहे, पडद्याची नाही. शार्पनेस पार खाली आणा आणि 'व्हिव्हिड' (भडक रंगांचा) मोड बंद करा, मेण बरंच उतरेल.

रात्रपाळी:
पंतांना +१. मी ४३ इंचीला लॅपटॉप जोडून चार फुटांवर बसतो. फुल एचडीत एक्सेलचे आकडे दातेरी दिसायचे, फोर-केत छापल्यासारखे.

चहा_बिनसाखरेचा:
चार फुटांवर बसलात तर माझ्याच हिशेबाने फोर-के बरोबर. आमच्याकडे टीव्हीला लॅपटॉप नाही. नेटफ्लिक्सचा बेसिक प्लॅन ७२०पी वर (उभे ७२० ठिपके, फुल एचडीहून कमी) थांबतो, फोर-के हवं तर प्रीमियम. टीव्ही एकदाच घ्यायचा, हे मात्र दर महिन्याला.

कोपऱ्यातली_खुर्ची:
एक बावळट प्रश्न. सेट-टॉप बॉक्स टीव्हीला कशाने जोडलाय? लाल-पांढरी-पिवळी वायर असेल तर त्या पिवळीतून एचडी येतच नाही, चॅनल कुठलाही लावा.

चहा_बिनसाखरेचा:
आत्ता टॉर्च घेऊन मागे वाकलो. पिवळी.
एचडी पॅकचे पैसे चार वर्षं भरतोय. एचडीएमआयची वायर बॉक्सच्या खोक्यात, पिशवीसकट, वेटोळं न सोडलेली. जोडली. बातम्यांखाली पळणारी पट्टी इतके दिवस नुसती सरकायची, आता वाचता येते. बायको म्हणाली, मग नवीन कशाला हवाय?

दूरदर्शनी:
वहिनींना अनुमोदन.

पिक्सेलपंत:
जुना पुरत असेल तर आनंदच आहे. पण घ्याल तेव्हा फोर-केच घ्या, आणि घेण्याआधी दुकानात पोपट बंद करायला लावून तुमचा रोजचा चॅनल लावून बघा.

चहा_बिनसाखरेचा:
सांगून पाहिलं होतं. म्हणाला, "काका, इथे केबल नाहीये."