मदत हवी आहे: लोरा नोड्सचा डेटा एकमेकांवर आदळतोय

द्राक्षबागेत मातीचा ओलावा आणि तापमान मोजायला 40 नोड (सेन्सरचे वायरलेस डबे) लावलेत, ईएसपी32 कंट्रोलर आणि एसएक्स1276 ही लोरा (लांब पल्ल्याचा, कमी वीज खाणारा रेडिओ) चिप, 866 मेगाहर्ट्झ, प्रत्येकजण दर 2 मिनिटांनी 20 बाइट पाठवतो आणि पंपघरात एकच रिसीव्हर आहे, तोही सिंगल चॅनल. लोरावॅन (लोरावर चालणारा तयार नेटवर्क प्रोटोकॉल) नाही, साधं लोराच आहे.

जवळपास पाचवा हिस्सा पॅकेट गायब होतायत. एसएफ10 वर (एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर, तो वाढवला की रेंज वाढते पण पॅकेट हवेत जास्त वेळ राहतं) एक पॅकेट साधारण 370 मिलीसेकंद हवेत राहतं, त्यामुळे अलोहाच्या (प्रत्येकाने केव्हाही पाठवलं तर किती टक्कर होईल ते काढायची पद्धत) हिशोबानेही एवढंच नुकसान निघतं, म्हणजे रेंजचा प्रॉब्लेम नाही, एकेकटा नोड चालू ठेवला की सगळं नीट येतं.

पाठवायच्या वेळेत रँडम डिले टाकून झाला, फारसा फरक नाही. अ‍ॅक (पोचपावती) आणि रिट्राय लावल्यावर तर गर्दी अजूनच वाढली. सीएडी (पाठवण्याआधी चॅनल मोकळा आहे का ते ऐकणं) पण वापरून बघितलं पण मधे चढ आहे, दोन्ही बाजूंच्या नोड्सना एकमेकांचं ऐकूच येत नाही आणि रिसीव्हरला मात्र दोघांचं येतं. एसएफ7 केलं तर लांबचे नोड तुटतात.

आता प्रत्येकाला 3 सेकंदांचा स्लॉट (पाठवायची ठरलेली वेळ) द्यायचा विचार आहे, पण डीप स्लीपमध्ये ईएसपी32 चं आतलं घड्याळ उन्हात बरंच सरकतं. नोड बॅटरीवर आहेत, सोलर नाही, 2 मिनिटांचं अंतर वाढवता येणार नाही, मल्टीचॅनल गेटवेचं बजेट नाही.

तर प्रत्येक फेरीला रिसीव्हरकडून बीकन (वेळ जुळवायचा सिग्नल) ऐकावा, का डीएस3231 (अचूक घड्याळाची चिप) लावून दिवसातून एकदाच सिंक केलं तर भागेल? ज्यांनी हे शेतात चालवलंय त्यांनी बॅटरी आणि गार्ड टाइम (घड्याळ सरकलं तरी टक्कर होऊ नये म्हणून स्लॉटमध्ये सोडलेला मोकळा वेळ) दोन्ही धरून सांगा, काय टिकलं?