पिटिशन प्रलंबित असताना परदेशातल्या जोडीदाराला भेटायला गेला होतात का? आपले अनुभव लिहा

टिळकवाडीची मास्तरीण

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतली एक नवी लग्न झालेली मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. तिचा नवरा अमेरिकेचा नागरिक आहे. त्याने तिच्यासाठी आय-१३० ची पिटिशन (पत्नीला तिकडे कायमचे नेण्यासाठी तिथल्या सरकारकडे करायचा अर्ज) दाखल केली आहे आणि ती मंजूर होऊन कायमच्या व्हिसाची मुलाखत होईपर्यंत निदान एकदा तरी त्याच्याकडे जाऊन यावे, म्हणून ती पर्यटक व्हिसाचा डीएस-१६० अर्ज भरत होती. तुमच्यासाठी कोणी स्थलांतराची पिटिशन दाखल केली आहे का, असा एक प्रश्न त्या अर्जात विचारलेला असतो. तिथे बेधडक 'नाही' लिही, असे तिला कोणीतरी सांगितले होते. काही वर्षांपूर्वी याच प्रश्नापाशी मीही बराच वेळ थांबले होते, आणि तेव्हाचे सगळे दिवस एकदम आठवले.

मी तिला 'हो' लिहायला सांगितले आणि तेच येथे वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगते. पिटिशन त्याच देशाच्या सरकारकडे नोंदलेली असते, त्यामुळे ती लपत नाही. शिवाय महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितल्याचे ठरले, तर पुढे कायमच्या व्हिसालाच आडकाठी येते आणि ती आपोआप कधीच उठत नाही. एका भेटीसाठी सगळा संसार पणाला लावणे योग्य नव्हे. 'हो' लिहिल्याने व्हिसा नाकारलाच जातो, असेही नाही. तिथल्या कायद्याच्या कलम २१४(बी) प्रमाणे पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायमचा राहायला येतो आहे असेच गृहीत धरले जाते आणि तसे नाही हे आपण पटवून द्यायचे असते. पिटिशनमुळे हे पटवणे अधिक कठीण होते, पण जाण्यास बंदी मात्र नाही.

माझ्या मुलाखतीत काचेपलीकडच्या अधिकाऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या पतीने पिटिशन केलेली आहे, मग आत्ताच जाण्याचे कारण काय?" मी म्हणाले, "शाळेला उन्हाळ्याची सुट्टी आहे. लग्नानंतर आम्ही एकत्र फारसे राहिलेलोच नाही. शाळा उघडल्यावर दहावीचा वर्ग माझ्याकडे आहे, त्यामुळे त्याआधी मी परत येणार आहे आणि पुढचे काम रीतसर व्हिसा मिळाल्यावरच करणार आहे." मुख्याध्यापकांचे रजेचे पत्र, पगाराच्या पावत्या आणि शेताचा उतारा मी फाईलमध्ये लावून नेला होता, पण त्याने फाईल मागितलीही नाही. उत्तर मात्र शांतपणे ऐकून घेतले. व्हिसा मिळाला.

तिथे पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करायला गेले, तर साखरेचा डबा कुठे आहे हे मला ठाऊक नव्हते. लग्नाला वर्ष उलटून गेले होते आणि नवऱ्याच्या स्वयंपाकघरात मी पाहुण्यासारखी एकेक कपाट उघडून पाहत होते. मग ते आले, त्यांनी डबा काढून दिला आणि आम्ही दोघेही काही वेळ तिथेच उभे राहिलो. ती भेट झाली नसती तर पुढचा विरह मला सोसवला नसता, असे मला आजही मनापासून वाटते.

सीमाभागातल्या कितीतरी घरांत आज असे जोडीदार ताटातूट सोसत आहेत. ज्यांनी हा काळ काढला आहे, त्यांनी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

खानापूरकर

मास्तरीणबाई, माझा अर्ज नामंजूर झाला होता, तेव्हा तीही बाजू येथे असावी म्हणून लिहितो. माझी पत्नी परिचारिका आहे आणि तिने तिकडचे नागरिकत्व घेतलेले आहे. पिटिशन तिने माझ्यासाठी केली होती. मी अर्जात सगळे खरे लिहिले. भाताची धूळवाफ पेरणी तोंडावर आहे, वडील थकलेले आहेत, तेव्हा मी परत येणारच, हेही सांगितले. दोन मिनिटांत पासपोर्ट आणि २१४(बी) चा छापील कागद हातात आला. त्या निर्णयावर अपील नसते. परिस्थिती बदलली असेल तर नवा अर्ज करता येतो, पण शुल्क पुन्हा भरावे लागते. २०२३ पासून ते १८५ डॉलर झाले आहे आणि नकार मिळाला तरी ते परत मिळत नाही. मात्र या नकाराचा आमच्या पिटिशनवर काहीही परिणाम झाला नाही, हे नकार पदरी पडलेल्यांनी लक्षात ठेवावे.

आता मनातले लिहितो. नवरा परदेशी असलेल्या सुनेची गावात चौकशी तरी होते, पण बायको परदेशी असलेल्या पुरुषाला एक तर कोणी काही विचारत नाही किंवा विचारू नये तेच विचारतात. जत्रेला, लग्नकार्याला मी एकटा गेलो की "वहिनी कधी येणार?" असे न विचारता "वहिनी येणार ना?" असे विचारले जायचे. त्या एका 'ना'ने किती रात्री झोप लागली नाही. आई सगळे ओळखून होती, पण बोलायची नाही. अखेर पत्नीनेच रजा साठवली आणि ती पावसाळ्यात इकडे आली. खानापूरचा पाऊस, दिवसदिवस वीज नाही, तरी ती कुठेही फिरायला न जाता घरीच राहिली. तेव्हाची तिकिटे आणि घरच्यांसोबतची छायाचित्रे आम्ही पुढे कायमच्या व्हिसाच्या मुलाखतीला नेली. विवाह खरा आहे हे दाखवायला ती उपयोगी पडली. ज्याला जाता येत नाही, त्याच्या जोडीदाराने यावे. भेट कोणत्या देशात झाली याला तिथे महत्त्व नसते.

शहापूर पेठ

खानापूरकर दादा, वाचून डोळ्यांत पाणी आले. आपल्या आईंना नमस्कार सांगावा.

निपाणीची सून

माझे प्रकरण थोडे वेगळे आहे. माझ्या यजमानांकडे नागरिकत्व नव्हते, ग्रीन कार्ड होते. नागरिकाच्या पत्नीला व्हिसांच्या वार्षिक संख्येची मर्यादा नसते, पण ग्रीन कार्डधारकाची पत्नी एफ-२ए या गटात येते आणि तिथे रांग असते. ती रांग किती सरकली हे तिकडचे परराष्ट्र खाते दर महिन्याला व्हिसा बुलेटिनमध्ये जाहीर करते. त्या काळात महिन्याचा मधला आठवडा आला की आमच्या घरी दुसरा विषय नसायचा. यजमानांना नागरिकत्व मिळाल्यावर आमचे प्रकरण त्या रांगेतून बाहेर आले.

माझ्याकडे लग्नाआधी भावाकडे जाण्यासाठी काढलेला दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा होता. पिटिशन दाखल झाली म्हणून तो आपोआप रद्द होत नाही, पण व्हिसा हातात असणे म्हणजे प्रवेश मिळालाच असेही नाही, कारण अखेरचा निर्णय विमानतळावरच्या अधिकाऱ्याचा असतो. मी अबुधाबीमार्गे गेले. तिथे २०१४ पासून अमेरिकेची तपासणी विमानात बसण्याआधीच होते. मला बाजूच्या खोलीत बसवले. परतीचे तिकीट आहे का, कुठे काम करता, पती काय करतात, पिटिशन कोणत्या टप्प्यावर आहे, असे प्रश्न विचारले. मी एकेका प्रश्नाला जेवढ्यास तेवढे आणि खरे उत्तर दिले. त्या खोलीत माझे हात इतके गार पडले होते की पासपोर्ट धरवत नव्हता, हे आजही विसरलेले नाही. शेवटी प्रवेश मिळाला. साधारणपणे सहा महिन्यांची मुदत देतात. ती नेमकी तारीख आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीत संकेतस्थळावर दिसते. व्हिसाची मुदत आणि राहण्याची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून तारीख पाहिल्याशिवाय निश्चिंत होऊ नये.

एक सांगायचे राहिले. मामंजींनी मोठ्या प्रेमाने बेळगावचा बासमती पिशवीत भरून दिला होता. आपल्याकडून प्रवासी सामानात तांदूळ नेण्यास तिकडे मनाई आहे, त्यामुळे तो इथेच ठेवावा लागला आणि त्यांचा चेहरा उतरला. कुंदाही दुधाचा म्हणून नेला नाही. जे खाण्याचे पदार्थ सोबत असतील, ते फॉर्ममध्ये किंवा तोंडी जाहीर करावेत. आधीच शंकेने पाहणाऱ्या अधिकाऱ्यासमोर आणखी एक शंका कशाला उभी करायची?

अनगोळ

माझ्या मिस्टरांकडे नोकरीचा एच-१बी व्हिसा आहे आणि त्यांच्या कंपनीने ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू केली आहे. मलाही हीच अडचण येईल का?

टिळकवाडीची मास्तरीण

नाही, ताई. एच-१बी आणि त्यावर अवलंबून असलेल्या, जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ व्हिसाला २१४(बी) मधले ते गृहीतक लागू होत नाही. तुम्ही एच-४ वरच जावे, पर्यटक व्हिसाच्या भानगडीत पडू नये.

वडगावचे काका

माझी मुलगी पुढच्या महिन्यात जावयांकडे भेटीला जाणार आहे. व्हिसा मिळाला आहे. आता आमचेच नातेवाईक म्हणतात, "एकदा पोहोचली की परत कशाला पाठवता, तिथूनच अर्ज करा." जावई नागरिक आहेत. बाप म्हणून मला तिने लवकर संसाराला लागावे असेच वाटते, पण या सल्ल्याने मन स्वस्थ नाही. जाणकारांनी सांगावे.

टिळकवाडीची मास्तरीण

काका, आपले मन स्वस्थ नाही हे योग्यच आहे. नागरिकाच्या पत्नीला तिथे राहून ग्रीन कार्डचा अर्ज करण्याची सोय कायद्यात आहे, आणि तिथे गेल्यावर परिस्थिती खरोखरच बदलली तर लोक तिचा उपयोग करतात. पण घरून निघतानाच न परतण्याचे ठरवून, अधिकाऱ्याला मात्र भेटीला आले आहे असे सांगून प्रवेश घेणे, हे खोटे सांगूनच आत जाणे झाले. ते उघड झाले तर मी वर लिहिलेली आडकाठी येते. शिवाय तिथे अर्ज केल्यावर प्रवासाची परवानगी हाती येण्याआधी देश सोडला, तर तो अर्ज सोडून दिल्याचे धरले जाते. त्या काळात इकडे वहिनींना किंवा तुम्हाला काही झाले, तर मुलीला येता येणार नाही. आणि दिलेल्या मुदतीपेक्षा १८० दिवसांहून अधिक राहून बाहेर पडले तर ३ वर्षे, १ वर्ष किंवा त्याहून अधिक राहून बाहेर पडले तर १० वर्षे पुन्हा जाता येत नाही. मुलीला भेटीला पाठवा, भेट पुरी झाली की परत आणा आणि नातेवाईकांना तसे स्पष्ट सांगा.

वडगावचे काका

मुलीला आणि जावयांना तुमचे उत्तर जसेच्या तसे वाचून दाखवले. जावयांचेही हेच म्हणणे होते, फक्त ते आम्हाला सांगायला संकोचत होते. आता घरात एकमत आहे.

चिकोडीची लेक

माझे पती कॅनडात आहेत. तिकडच्या कायद्यात कायमचे राहण्याची इच्छा असणे एवढ्यावरून तात्पुरता प्रवेश नाकारता येत नाही, असे स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही मुदत संपली की परत जाल हे अधिकाऱ्याला पटावे लागतेच, त्यामुळे माझ्या पत्रात मी दोन्ही गोष्टी उघडपणे मांडल्या होत्या: पतीने मला प्रायोजित केले आहे हे खरे आहे, आणि तो निर्णय विरुद्ध गेला तर मी देश सोडीन हेही खरे आहे. थंडीत गेले होते. पती कामावर गेले की दिवसभर खिडकीबाहेर नुसते बर्फ दिसायचे, आणि सुरुवातीला वाटायचे की यासाठीच का एवढा अट्टहास केला. पण ज्या शहरात आयुष्य काढायचे आहे ते आधी पाहून झाले, शेजारच्या बाईंशी ओळख झाली आणि कायमची गेले तेव्हा परके वाटले नाही. आरोग्य विमा मात्र घेतल्याशिवाय जाऊ नये. आधीपासून असलेला आजार त्यात धरला जातो का, हे सही करण्याआधी वाचून घ्यावे.

अनगोळ

मास्तरीणबाई, आभारी आहे. आणखी एक विचारते, माझ्या नणंदेसाठी. तिची पिटिशन मंजूर होऊन प्रकरण एनव्हीसीकडे (मुलाखतीआधी कागद गोळा करणारे तिकडचे नॅशनल व्हिसा सेंटर) गेले आहे. अशा वेळी भेटीला जाणे बरोबर होईल का?

खानापूरकर

ताई, याचे उत्तर मी देतो, कारण त्या टप्प्यातून नुकताच गेलो आहे. एनव्हीसीकडे कायमच्या व्हिसाचा डीएस-२६० अर्ज, शुल्क, तिकडच्या जोडीदाराच्या उत्पन्नाचे आय-८६४ प्रतिज्ञापत्र आणि आपली नागरी कागदपत्रे द्यावी लागतात. आपल्याकडचे जन्मदाखले कन्नडमध्ये असतात. पिटिशनला कन्नड किंवा मराठी कागद जोडला, तर पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि ते अचूक असल्याचे भाषांतरकाराचे सहीचे निवेदन लागते, तेच पुढेही कामी येते. आमच्या दाखल्यावर बेळगाव आणि पासपोर्टवर बेळगावी असे होते, कारण शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदलले. त्याबद्दल कोणी विचारले नाही, पण नाव, जन्मतारीख आणि आईवडिलांची नावे सगळीकडे एकसारखी आहेत ना, ते मात्र आधीच पाहून घ्यावे. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फतच निघतो. माझा हुबळीहून निघाला.

हे सगळे पूर्ण झाल्याचे एनव्हीसीने कळवले की मुंबईच्या मुलाखतीची तारीख केव्हाही येऊ शकते, आणि मुलाखतीआधी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे तपासणी करून घ्यावी लागते. म्हणून नणंदबाईंना जायचेच असेल, तर त्यांनी कागद देण्याआधी जाऊन यावे, किंवा तारीख बदलता येईल असे परतीचे तिकीट काढावे. लग्नाला दोन वर्षे होण्याआधी त्या कायमच्या व्हिसावर पोहोचल्या, तर पहिले कार्ड दोन वर्षांचेच मिळते आणि त्याची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून कार्ड पुढे कायम करण्यासाठी आय-७५१ हा अर्ज भरायचा असतो, हेही त्यांना आत्ताच सांगून ठेवा.