बामणोलीच्या पलीकडं: लाँचनं गेलेल्यांचे अनुभव

कास पठारावरून बामणोलीला उतरलं की रस्ता कोयना धरणाच्या फुगवट्याला भिडतो. गाडी तिथंच लावायची, पुढं लाँच. तापोळ्याहून तराफ्यावर जीपही पलीकडं जाते, पण वासोटा किल्ल्याच्या बाजूला अजून चाक लागत नाही. मंडळी, तुम्ही त्या काठाला कधी गेलात, काय पाहिलंत, काय अडलं, सगळं सविस्तर लिहा. वर आपलं गाव टाका. मी सुरुवात करतो.

सातारा

जानेवारीत आम्ही सहा जण वासोट्याला गेलो. वनखात्याची परवानगी बामणोलीतच काढली. बामणोलीहून पायथ्याला लाँचनं साधारण दीड तास लागतो. मेट इंदवलीला उतरल्यावर सॅक तपासतात, प्लास्टिकच्या बाटल्या-पिशव्या मोजून लिहून घेतात आणि परत येताना तेवढ्याच दाखवाव्या लागतात. हा नियम मला फार आवडला, कारण वाटेवर कुठं कचरा दिसला नाही. जंगल दाट आहे, शेकरू दिसलं. वर बाबू कड्यापाशी उभं राहिलं की खालचं कोकण पाहून पोटात गोळा येतो. पेशवाईच्या अखेरीस याच गडावर दोन इंग्रज अधिकारी कैदेत होते. 1818 मध्ये गड पडला तेव्हा ते सुटले.

उतरताना एका मित्राचा पाय मुरगळला. अंधाराआधी जंगलाबाहेर पडावंच लागतं. लाँचवाले काका स्वतः अर्धी वाट चढून आले आणि त्याला खांद्याचा आधार देऊन खाली आणलं. वर एक पैसा जास्त घेतला नाही.

विटा

आम्ही कोयनेचे धरणग्रस्त. माझा जन्म इकडचा, सांगली जिल्ह्यातला. पण घरात बोलणं निघालं की आजी ‘आपल्या गावात’ म्हणायची ते पाण्याखालच्या गावाबद्दल. साठच्या दशकात धरणात पाणी अडवलं आणि गाव उठलं. तेव्हा ती तिशीतही नव्हती.

मे महिन्यात पाणी बरंच उतरतं असं कळल्यावर तिला घेऊन गेलो. लाँच एरवीपेक्षा खूप अलीकडं थांबली. पुढं भेगाळलेल्या गाळातून चालायचं होतं. तिचे गुडघे दुखायचे, म्हणून उचलून घेतो म्हणालो तर रागावली. देवळाचा चौथरा दिसला तशी ती थांबली, तिथून डाव्या हाताला वळली आणि पुटपुटत पावलं मोजू लागली. गाळातून दगडी जोत्याची एक रांग वर आली होती. मी त्यावरून पलीकडं गेलो तशी ओरडली, "आरं, चपला काढ! चूल हाय हितं."

मी चपला काढल्या. तासभर ती तिथंच बसून राहिली. गोठा कुठं, जातं कुठं, थोरल्या आत्याचा पाळणा कुठल्या आढ्याला होता, सगळं बोटानं दाखवत होती. लाँचवाल्यानं दोनदा हाक मारली, मग तोही येऊन जोत्याखाली उकिडवा बसला. त्याच्याही घरचं गाव तिथंच कुठंतरी बुडालेलं होतं.

इस्लामपूर

आमच्याकडं बोट लागत नाही, पण बेट आहे. बह्याचं रामलिंग बेट, कृष्णेच्या ऐन पात्रात. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथला. मारुतीनं बाहू पसरून पाणी अडवलं म्हणून बहे, असं म्हातारी माणसं सांगतात. पाणी कमी असलं की चालत जायचं. पूर आला की लांबूनच हात जोडायचे.

कराड

पलीकडच्या एका शाळेत मी पाच वर्षं शिक्षक होतो. एका पावसाळी रात्री एका पोरीला फुरसं चावलं. वारा एवढा की लाँच सोडायला कुणी धजेना. शेवटी दोघा भावांनी सोडली. दवाखान्यात पोचलो तर लस नव्हती, पुढं पाठवलं. पोरगी वाचली. पण ज्या गावाचा रस्ताच पाण्यातून जातो, त्याच्या जवळच्या दवाखान्यात सर्पदंशाची लस असलीच पाहिजे, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतोय. फिरायला जाणाऱ्यांना एवढंच सांगणं, लाइफ जॅकेट नुसतं मांडीवर ठेवू नका, अंगात घाला. दुपारनंतर वारा उठला तर लाँचवाल्याशी हुज्जत घालू नका.

मेढा

माझं माहेर पलीकडचं. लग्नात रुखवत, भांडी, कपाट, सगळं लाँचमधून आलं, आणि मी कपाटाला धरून बसले होते. गौरी-गणपतीला मुंबईकर आले की एकेका फेरीला बसायला जागा नसते. एरवी काठावर चिटपाखरू नसतं. पोरांना तिथं मोकळं सोडता येतं, मागून गाडी येईल ही धास्तीच नाही.

लाँच अजून वळणाआड असते तेव्हाच आई इंजिनाच्या आवाजावरनं सांगते कुणाची आहे ते. आम्ही येणार असलो की त्या आवाजाला ती चहाचं आधण ठेवते. आम्ही चढण चढून दारात पोचेपर्यंत चहा उकळलेला असतो.