स्टील हार्डटेल बांधतोय: २९ घेऊ का २७.५? फ्रेमचं पण सांगा

वेताळभक्त
नमस्कार मंडळी, मी मूळचा पुण्याचा, सध्या नोकरीसाठी शेफील्डला. पुण्यात वेताळ टेकडीवर जी २६ इंची चाकांची जुनी अ‍ॅल्युमिनियम हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल) चालवायचो तीच इकडे आणलीय, पण लेडी कॅनिंग्जला किंवा हाउंडकर्क रोडला लोकांच्या सायकलींशेजारी उभी केली की माझी धाकट्या भावाची मागून आणल्यासारखी दिसते. फुल सस्पेन्शन नको, बजेट नाही आणि इथला चिखल, वरून तो ग्रिटस्टोन दगडाचा कच बघता बेअरिंगं बदलत बसायची हौसही नाही. म्हणून स्टीलची फ्रेम घ्यायची आणि हळूहळू घरीच बांधायची असं चाललंय.

उंची ५ फूट ७, पाय आखूड, इनसीम (पायाची आतली लांबी) ७७ सेंमी भरतो. शनिवारी जवळच्या डोंगराळ पीक डिस्ट्रिक्टात चार-पाच तासाची फेरी, कधीतरी वॉर्नक्लिफच्या जंगलातल्या उताराच्या वाटा, उड्याबिड्या फार नाहीत. दोन-तीन वर्षांनी पुण्याला परतायचं आहे आणि सायकल सोबत नेणार.

आता चाकं २९ इंची का २७.५, फ्रेम मीडियम का लार्ज, आणि स्टीलच्या प्रकारांच्या ह्या ८५३, ५२०, ४१३० वगैरे आकड्यांना पैसे मोजण्यात अर्थ आहे का? जुन्या सायकलवरचं मागचं १३५ मिमीचं क्विक रिलीजवालं हब (चाकाचा मधला तुंबा) चांगल्या कंपनीचं आहे, ते वापरता आलं तर बरं. फोर्क (पुढचा सस्पेन्शनवाला चिमटा) नवीनच घेणार.

ग्रिटस्टोन_काका
अरे ये ये, मी लीड्सला असतो, वॉर्नक्लिफला कधीतरी भेटशीलच.

आधी चाकाचा हिशेब बघ, कारण नावांनी लोक फसतात. २६ची रिम टायर बसते तिथे ५५९ मिमी, २७.५ची ५८४ आणि २९ची ६२२ (म्हणजे रस्त्याच्या ७००सीचीच). म्हणजे २७.५ हे नावाप्रमाणे दोघांच्या मधोमध नाहीच, २६ पेक्षा फक्त २५ मिमी मोठं आणि २९ पेक्षा ३८ मिमी लहान. तू २६ वरून २७.५ वर आलास तर वाटेल हां ठीक आहे, जरा बरं चालतंय. २९ वर आलास तर पहिल्याच दगडी उतारावर कळेल, कारण मागे सस्पेन्शन नसताना मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं, दगडाला कमी अडतं आणि पायांवरचा मार हलका होतो. स्टॅनेजची वाट घे नाहीतर जेकब्ज लॅडर, इथे सगळी ठोकाठोकीच आहे, त्यामुळे चार-पाच तास बसायचं असेल तर माझं मत सरळ २९.

पण खरी भानगड चाकात नाही, फोर्क आणि अँगलमध्ये आहे, आणि हे कॅटलॉग बघून कळत नाही. फुल सस्पेन्शनवर बसलं की पुढून-मागून दोन्हीकडून सायकल दबते, म्हणून अँगल साधारण तसेच राहतात. हार्डटेल फक्त पुढून दबते. १३० मिमी दबणारा फोर्क घेतलास आणि पाव भाग सॅग (नुसतं बसल्यावर दबतो तो) ठेवलास तर हेड अँगल (पुढच्या नळीचा कोन) दीडएक डिग्री उभा होतो, सीटट्यूब (सीटखालची नळी) तेवढीच उभी होते आणि रीच (पेडलच्या आसापासून पुढच्या नळीपर्यंतचं आडवं अंतर) पंधराएक मिमी वाढतो. म्हणजे कागदावरची ६५ डिग्री प्रत्यक्षात साडेसहासष्ट. त्यामुळे फुल सस्पेन्शनचे आकडे डोक्यात ठेवून हार्डटेल निवडू नकोस. कागदावर ६५ ते ६६ आणि सीटट्यूब ७४-७५ तुला पुष्कळ, त्याहून उभी सीटट्यूब चढावर छान वाटते पण सपाटीवर सगळं वजन हातावर येतं आणि पीकमध्ये सपाट कच्चे रस्ते भरपूर आहेत.

फोर्कची लांबीही मनाने वाढवायची नाही. फ्रेम १२० साठी काढलेली असेल आणि तू १४० लावलास तर हेड अँगल जवळजवळ एक डिग्री आडवा होतो, बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस) वर जातं, शिवाय हेडट्यूबच्या जोडावर ताण वाढतो. कंपनी कमाल किती सांगते ते बघ आणि तिथेच थांब.

मुरूम_आणि_मी
काकांशी बरंचसं सहमत पण पुण्याचं पण ऐका राव, शेवटी सायकल इकडे येणार आहे ना. आपल्याकडे टेकडीवर सुटा मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, उन्हाळ्यात तर चुरा पसरल्यासारखं होतं आणि टायर धरतच नाही. इथे मला मोठ्या चाकापेक्षा जाड टायर आणि कमी हवा जास्त कामाची वाटते. मी २७.५ वर २.८ इंच जाड टायर चालवतो, ट्यूबलेस, हवा १६-१७ पीएसआय, मस्त चिकटून राहते सायकल. २९ ला २.४ लावून मागे २२-२४ पीएसआय ठेवली की तेही चालतं म्हणा.

मिळायचं म्हणाल तर २९ आणि २७.५चे साधे टायर दुकानात मिळतात, पण २.८ आणि ३.०चे मागवावे लागतात. ह्या जाड 'प्लस' टायरची लाट २०१५-१६ ला जोरात होती, नंतर कंपन्यांनीच हात आखडता घेतला.

आणि स्टील म्हणजे गंज. तू तिकडे हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यावरून फिरणार आणि इकडे चार महिने पावसाळा. फ्रेम हातात आली की बांधायच्या आधी नळ्यांच्या आत गंजरोधक स्प्रे मारून फिरव फिरव फिरव, सगळीकडे पोचलं पाहिजे. बॉटम ब्रॅकेटच्या खाली पाणी जायला भोक आहे का बघ. आणि सीटपोस्टला (सीटच्या दांड्याला) ग्रीस लावल्याशिवाय घालू नको, अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या नळीत एकदा धरला की मग करवतच.

दीडचाकी
मी एडिंबराला असते, उंची ५ फूट १, ग्लेनट्रेसच्या सायकलवाटांवर जाते नेहमी. सगळे २९ २९ करतात पण ते बहुतेक पावणेसहा फुटांच्या वरचे असतात हो. माझ्या मापात २९ची फ्रेम काढायची तर पुढचं नाक उंच होतं, हँडल छातीशी येतं, आणि तीव्र उतारावर मागे सरकलं की मागचं टायर बुडाला घासतं. मी २७.५च घेतली आणि वळणांवर ती मला जास्त ऐकते.

पण वेताळभक्त दादा, तुम्ही ५-७ आहात म्हणजे सीमेवर, तुम्हाला २९ बसेल. इनसीम कमी आहे म्हणून तुम्ही चाकापेक्षा सीटट्यूब बघा. ७७ सेंमी इनसीमला बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीट साधारण ६८ सेंमीवर येते, सीटट्यूब ४२ सेंमीच्या आत असेल तर १५० मिमीचा ड्रॉपर (बटणाने खालीवर होणारा सीटपोस्ट) आरामात जातो. आणि नळीत पोस्ट किती खोल उतरतो तेही विचारा, बाटलीचा स्क्रू किंवा नळीचा बाक मधे आला तर अडकतो. स्टीलच्या जुन्या फ्रेमवर २७.२ मिमीचा पोस्ट असतो, त्यात ड्रॉपरचे पर्याय अगदीच थोडे.

बाकी हा वाद जुनाच आहे. लंडन २०१२ ऑलिम्पिकच्या डोंगरी सायकल शर्यतीत कुल्हावी २९ वर सुवर्ण आणि शुर्टर २७.५ वर रौप्य, फरक एका सेकंदाचा. कुल्हावी चांगला उंच, शुर्टर त्यामानाने बेताचा. पुढे शुर्टर पण २९ वर गेलाच, पण तो शर्यतवाला माणूस, आपल्याला कुठे कोणाला हरवायचंय.

खाटखुट
मेकॅनिकलवाला आहे म्हणून तोंड घालतो. "स्टील मऊ चालते" हे ऐकून फ्रेम घेऊ नका रे. स्टीलचा ताठरपणा, ८५३ असो, ५२० असो का साधं ४१३० क्रोमोली, सगळ्यांचा सारखाच असतो, २०० गिगापास्कलच्या आसपास. फरक मजबुतीत आहे. ८५३ जास्त मजबूत, वेल्ड केल्यावर जोडाशेजारी कमजोर पडायच्या ऐवजी थंड होताना घट्ट होतं, म्हणून नळीची भिंत पातळ ठेवता येते आणि वजन वाचतं. ५२० म्हणजे रेनॉल्ड्सचा शिक्का असलेलं क्रोमोलीच. फ्रेम लवचिक वाटणार का ताठ ते नळीचा व्यास आणि भिंतीची जाडी ठरवते. आणि आजच्या एमटीबी (डोंगरी सायकल) फ्रेमला चाचण्या पास व्हायच्या असतात, १४० चे फोर्क झेलायचे असतात, म्हणून जाड नळ्या लावतात, मग कुठली ती जुन्या स्टीलची स्प्रिंग.

२.४चा टायर दगडावर सेंटिमीटरमध्ये दबतो, फ्रेमचा मागचा त्रिकोण उभ्या दिशेने मिलिमीटरच्या हिशेबात. मग पैसे कुठे घालायचे तूच सांग, टायर आणि फोर्कमध्येच ना. ८५३ घे, जरूर घे, पण अर्धा-पाऊण किलो वाचतंय म्हणून घे, गादीवर बसल्यासारखं वाटेल म्हणून नको. हां, स्टीलला चीर पडली तर बहुतेक वेळा आधी दिसते आणि गावातला वेल्डर पातळ नळी नसेल तर जोडूनही देतो, हा फायदा खरा, पुण्यात परतल्यावर कामाला येईल.

ग्रिटस्टोन_काका
खाटखुट, आकडे बरोबर आहेत पण माझ्याकडची जुनी स्टीलची कोटिक सोल शेजारच्याच्या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा मऊ चालते हे मी कोर्टात सांगेन. तुझे मिलिमीटर तुझ्यापाशी 😄

खाटखुट
काका, दोन्हीवर टायर, हवा आणि सीटपोस्ट सारखे करून डोळे बांधून चालवा, मग बोलू.

वेताळभक्त
बाप रे, एवढं कोणी सांगितलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. २९ वर जवळजवळ पक्कं केलंय. यादीत आता कोटिक सोलारिसमॅक्स (८५३, पण खिशाला जड), रॅगली बिग विग आणि सर्ली कराटे मंकी. सर्लीमध्ये २९ पण बसतं आणि २७.५ जाड टायरसकट पण बसतं, म्हणजे इथे २९ आणि पुण्यात मुरूमभाऊंचं २.८ असं जमेल का? आणि कोणी म्हणतंय पुढे २९ मागे २७.५ लाव, ते कुठल्याही फ्रेमवर चालतं का?

मुरूम_आणि_मी
जमेल की. २७.५ x २.८ चा घेर २९ x २.४ पेक्षा थोडासाच लहान, उंचीत सेंटिमीटरभर फरक. पेडल जरा खाली येतील तेवढंच, टेकडीवर दगडाला आपटतील एखादवेळी.

ग्रिटस्टोन_काका
मिश्र चाकं दोन्ही २९ साठी काढलेल्या फ्रेमवर नको. सारख्याच जाडीचं टायर धरलं तर मागचा एक्सल १९ मिमी खाली येतो, बॉटम ब्रॅकेट बारा मिमीच्या आसपास खाली, हेड आणि सीट दोन्ही अँगल एक डिग्रीने आडवे. चढाला सायकलचं तोंड भटकायला लागेल. त्यासाठीच काढलेली फ्रेम असेल तर गोष्ट वेगळी.

सर्लीचा तुला अजून एक फायदा, तुझं ते १३५चं हब. हल्लीच्या फ्रेमला मागे १४८ मिमी रुंद, १२ मिमी आसाचं हब लागतं, त्यात तुझं हब बसत नाही. सर्लीने मागची रुंदी १४५ ठेवलीय, म्हणजे १४२ पण जातं, १४८ पण जातं आणि त्यांचे वॉशर घालून १३५चं क्विक रिलीज पण जातं, स्टील आहे म्हणून दोन-तीन मिमी इकडेतिकडे झेलतं. फक्त त्या हबवर २९ची रिम नवीन स्पोक घालून विणून घ्यावी लागेल आणि भोकांची संख्या जुळली पाहिजे. ३२ आहेत ना?

वजनाला सर्ली जड आहे, तिला उचलून जिने चढायचे असतील तर आधी एकदा हातात घेऊन बघ. बिग विग उताराला जास्त मजा देईल पण तुझ्या लांब फेऱ्यांना जरा जास्तच लोळलेली (हेड अँगल आडवा असलेली) आहे. माप मीडियम, रीच ४३० ते ४५५ मध्ये राहू दे.

वेताळभक्त
३२च आहेत काका. मी पहिल्या मजल्यावर राहतो, जिना अरुंद आहे 😅 शनिवारी एका दुकानात मीडियम कराटे मंकी उभी आहे असं कळलंय, चक्कर मारून येतो आणि टेप घेऊन जातो. सीटट्यूबमध्ये पोस्ट किती उतरतो ते दुकानदार मोजू देईल का?

दीडचाकी
देईल. नाही दिलं तर दुकान बदला.